शाईतली म्हैस पुतळा का होते?

प्रश्न : सर, घरच्या म्हशी मी टाकाने काढते. पेन्सिलीत बऱ्या जमतात, शाईत मात्र पुतळ्यासारख्या दिसतात. काय चुकतं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, तुम्ही बहुतेक पेन्सिलीची रेघ शाईनं गिरवताय. म्हशीचा जीव तिथंच जातो. शहापुरात मुलांना शिकवताना मी हे कायम बघत आलोय.

चोर्ला घाटाखालच्या गोव्यातून १५१५ च्या जानेवारीत एक गेंडा जहाजानं लिस्बनला गेला. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो डोळ्यांनी पाहिलाच नाही. ऐकीव वर्णन आणि कुणाचं तरी रेखाटन, एवढ्यावर न्यूरेंबर्गात बसून शाईनं काढला. खांद्यावर नसलेलं शिंग आलं, कातडी चिलखतासारखी झाली. चित्र अप्रतिम, पण गेंडा थिजलेला.

आता डच चित्रकार रेम्ब्रांटचे तपकिरी शाईतले सिंह बघा. रेषा कुठं जाड, कुठं तुटलेली; तुटते तिथं कोरा कागदच पाठीवरचा उजेड होतो. मला हे सिंह जास्त आवडतात.

तुमच्या तर गोठ्यातच म्हैस आहे! रवंथ करताना समोर बसा. शिंगाचा बाक एका दमात ओढा, टाक मुळाशी दाबा, टोकाला सैल सोडा. ती हलली तर त्याच कागदावर शेजारी दुसरी सुरू करा. खोडरबर घरातच ठेवा.