नुसती सेवा पुरे का, की सुवार्ताही सांगायला हवी?

तुम्ही विचारलंय की वय वीस, पुण्यात बी.कॉम.ला आहे, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात आहे, निःस्वार्थ सेवेतून विश्वास जगायचा आहे. तर सुरुवात कुठून करू, आणि नुसती सेवा पुरे की सोबत येशूची सुवार्ताही सांगायला हवी?

दुसऱ्या प्रश्नावरून मी आमच्या मंडळीत इतकी भांडले आहे की आधी तोच घेते. माणूस खाटेला खिळलेला असताना त्याला सुवार्ता सांगायला जाऊ नका. त्याला उठून जाता येत नाही. ज्याला ‘नको’ म्हणायची सोय नाही त्याच्यापुढे साक्ष देणं मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मी एस.वाय.ला असताना आमचा तरुण संघ नाताळच्या आठवड्यात एका मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचा. केळी, बिस्किटं, दोन नाताळगीतं, एक प्रार्थना, वॉर्डाच्या दारात फोटो, की परत. त्या वर्षी बायकांच्या हाडांच्या वॉर्डात वेल्ह्याकडच्या एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधलेलं, गळ्यात तुळशीची माळ. भरती करून गेलेला पुतण्या पुन्हा फिरकला नव्हता. त्यांनी केळं घेऊन उशाशी ठेवलं आणि मला म्हणाल्या, “बाय, माझं डोकं विंचरतीस का?” बाकीचे पुढच्या वॉर्डात गेले, मी तिथेच थांबले.

केसांच्या जटा झाल्या होत्या. कंगवा चालेचना, म्हणून खोबरेल चोळून एकेक गुंता बोटांनी सोडवत बसले. त्या दिवशी निम्मंच डोकं झालं. उरलेलं करायला दुसऱ्या दिवशी गेले आणि मग जातच राहिले. कॉलेज सुटलं की नाना पेठेत घरी न जाता आधी वॉर्डात. तिथल्या एका सिस्टरनी हाताला धरून शिकवलं की माणसाला ओढायचं नसतं, खालच्या चादरीसकट सरकवायचं. पाठ कोरडी ठेवायची, नाहीतर जखमा होतात. शौचाचं भांडं द्यायला शिकले, धुवायला शिकले. ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं, रक्तदाते नातेवाइकांनी आणायचे होते, आणि नातेवाईक तर कुणीच नव्हतं. कॉयरमधल्या दोन मुलांना घेऊन गेले.

आजींना मोतीबिंदू होता. पिशवीत हरिपाठाची चोपडी होती, ती काढून म्हणाल्या, “वाचून दाखव.” मी वाचला, आणि पुढे रोज संध्याकाळी वाचत गेले. त्यांना तो पाठच होता. मी कुठे अडखळले की मिटल्या डोळ्यांनी पुढचा शब्द सांगायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई पांघरुणाखाली हळू टाळी धरायची.

हे आमच्या संघाच्या दादांच्या कानावर गेलं. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, “प्रभूने तुला दार उघडून दिलं आणि तू तिथे हरिपाठ वाचत बसलीस? ही सेवा नाही, समाजकार्य आहे. फळ काय मिळालं?” फळ म्हणजे आजींचा बाप्तिस्मा. तो झाला नाही. आजी वॉकर धरून चालायला लागल्या, पुतण्या एकदाचा आला आणि त्या माळेसकट आपल्या गावी गेल्या. मला विचाराल तर चालत्या झाल्या हेच फळ.

तेव्हा मी पायऱ्यांवर बोलले ते आजही बोलते. बायबलात लूक 10 मधला चांगल्या शमरोनी माणसाचा दाखला काढून वाचा. तो जखमी माणसाशी धर्माचं अक्षर बोलत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे देतो आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो. ‘जा, तूही तसंच कर’ असं येशू याच माणसाकडे बोट दाखवून सांगतो. आणि हरिपाठाचा एवढा धसका आपल्या मराठी मंडळ्यांनी तरी घेऊ नये. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणायचे, आणि त्यांचीच भजनं आपण दर रविवारी म्हणतो.

दादा कायम पंडिता रमाबाईंचं नाव पुढे करायचे. करा, पण सगळं सांगा. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. स्वतःची प्रार्थना त्या दार उघडं ठेवून करायच्या. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. एवढ्यावरूनही 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांचे आईवडील दुष्काळात गेले अशा या बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तिथे शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींना ब्रेल. रमाबाईंनी ख्रिस्त कधी लपवला नाही, हे दादांचं खरं आहे. पण आधी पोटात अन्न गेलं होतं.

तेव्हा लपवायचं तुम्हीही काही कारण नाही. आजींनी मला विचारलं होतं, “तू कुणाची गं? माझ्यापाशी कशापायी येतीस?” मी सांगितलं, मी ख्रिस्ती आहे, आजाऱ्याला भेटा असं येशूने सांगितलंय. आजी म्हणाल्या, “बरं सांगितलंय त्यानं.” विचारलं तर सांगा, सरळ सांगा. न विचारता सांगू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता सुरुवातीचं. परस्पर वॉर्डात शिरू नका. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटून ज्यांचं कुणी नाही असे रुग्ण विचारा. सिस्टरना विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पाजू नका, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असू शकतं. दवाखाना झेपत नसेल तर कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे. वाचून दाखवायला, परीक्षेला लेखनिक म्हणून कुणी हवंय का ते विचारा. अठरा पूर्ण आणि वजन 45 किलोच्या वर असेल, तब्येत ठीक असेल, तर रक्त द्या. मुलींनी दोनदांमध्ये चार महिने जाऊ द्यावेत. फोटो काढू नका, सर्टिफिकेट मागू नका. आणि दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एकाच माणसाकडे जात राहा. परीक्षेच्या महिन्यात जमणार नसेल तर तसं सांगून या, नाहीतर माणूस दाराकडे बघत राहतो.

तुमच्या संघातही असे दादा असतील. त्यांच्याशी वचनांवरून वाद घालून माझी कितीतरी वर्षं गेली. तुम्ही त्यांना एक दिवस सोबत वॉर्डात न्या आणि भांडं त्यांच्या हातात द्या. आमचे दादा अजून आलेले नाहीत, मी दर नाताळला बोलावते.