फाटकापासून सत्तर पावलं

"ताई, माझा मुलगा आठवीत आहे. दीड वर्षात त्याचं वजन अकरा किलोंनी वाढलं. डबा अर्धा परत येतो आणि रोजचे तीस रुपये शाळेबाहेरच्या शेजवान वडापाववर नाहीतर मंचुरियनवर जातात. दर रविवारी मी त्याला वजनकाट्यावर उभा करते, तो रडवेला होतो. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, दृष्ट लावू नकोस. पीटीच्या तासाला मुलं 'ढोल्या' म्हणतात म्हणून हल्ली तो मैदानात उतरतच नाही. पैसे बंद करू की शाळाच बदलू? – एक आई, नेरूळ"

शाळा बदलू नका. नव्या शाळेबाहेरही बहुधा असाच तवा तापलेला असेल. पैसेही एकदम तोडू नका. तेराव्या वर्षी खिसा रिकामा झाला की पोरगं मित्राच्या वडापावातला अर्धा खातं आणि घरी येऊन 'काहीच नाही खाल्लं' म्हणायला शिकतं. वजनकाटा मात्र आजच माळ्यावर टाका.

तुमचं पत्र वाचून मी एक उद्योग केला. इथे ठाण्यात, नौपाड्यातल्या एका शाळेसमोर सकाळची शाळा सुटायच्या वेळी जाऊन उभी राहिले. घंटा साडेबाराची. बारा पंचवीसला गाडीवाल्याने तव्यावर बटर सोडलं, त्यात शेजवान चटणी टाकली आणि उलथन्याने सावकाश पसरत बसला. गिऱ्हाईक एकही नव्हतं, पण वास फाटकाच्या आत पोचला होता. सकाळी साडेसहाला कपभर दूध पिऊन निघालेलं, पंधरा मिनिटांच्या सुट्टीत डबा कसाबसा उरकलेलं पोर त्या वासात बाहेर पडतं. त्याला आपण सांगायचं, मनावर ताबा ठेव! मी पन्नाशीची बाई, शुगर बॉर्डरवर. मीही एक घेतला.

तेव्हा मुलाच्या जिभेशी भांडण्याआधी त्याच्या भुकेची वेळ सांभाळा. डबा का परत येतो, हे त्याला न रागावता विचारा. गार पोळी आणि हाताला लागणारी रस्साभाजी असेल तर मीही परत आणीन. थालीपीठ, मटकीच्या कोरड्या उसळीची गुंडाळी, उकडलेलं अंडं असं चार घासांत संपणारं द्या. आणि शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर पडण्याआधी खायला दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात चणे-शेंगदाणे किंवा केळं. वडापावचे पैसे आठवड्यातून दोन दिवस द्या, वार त्याने ठरवावेत.

आता शाळेकडे वळा. फूड सेफ्टीच्या केंद्रीय प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे: शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत भरपूर चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायचे नाहीत. कॅन्टीनपुरता असा शासन निर्णय आपल्या राज्याने २०१७ मध्येच काढला होता. ५० मीटर म्हणजे माझी सत्तर पावलं. नौपाड्यातली ती गाडी पंचविसाव्या पावलावर होती.

तरी लगेच गाडीवाल्याची तक्रार करायला धावू नका. त्याचंही पोट आहे, आणि हटवला तर तो कोपऱ्यावर जाईल, पोरं मागोमाग. सुरुवात कॅन्टीनपासून करा. आत समोसा, पफ आणि कोल्ड्रिंक विकणारी शाळा बाहेर कुणाला काय सांगणार? २५० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण पाच-सहा चमचे साखर असते. तीन-चार पालक मिळून पालक-शिक्षक संघाच्या सभेत दोनच गोष्टी मागा. कॅन्टीनच्या पदार्थांची यादी बदला, आणि मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा. एकटी आई बोलली की 'काळजी करणारी आई' ठरते, चौघी बोलल्या की मुद्दा सभेच्या इतिवृत्तात येतो.

'ढोल्या'चं प्रकरण सभेत काढू नका, पोराला मेल्याहून मेल्यासारखं होईल. पीटीच्या सरांना एकटं भेटा. या वयाला दिवसाला तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुमचा मुलगा चिडवण्यामुळे तीच टाळतोय. शाळा पायी जाण्याजोगी असेल तर परतीची व्हॅन सोडा. मित्राबरोबर चालत येऊ दे.

बालरोगतज्ज्ञांकडे एकदा नक्की जा. मोठ्यांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, तक्ता मुलांना चालत नाही, त्यांचे वयानुसार आणि मुलगा-मुलगीनुसार वेगळे तक्ते असतात. उंची वाढत असताना वजन आहे तिथे थोपवलं तरी पुष्कळदा भागतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. त्याच्या मानेमागे कातडी काळपट, मखमलीसारखी जाड झाली आहे का, बघा. तो मळ नसतो, घासून काढायला जाऊ नका. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत जोरात घोरत असेल तर तेही सांगा. सासूबाईंनाही बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला वाद निम्मा मिटतो, हा माझा अनुभव आहे.

आणि एक दिवस, सकाळी नुसता चहा घेऊन, शाळा सुटायच्या वेळी त्या फाटकापाशी उभ्या राहा. काय खाल्लंत ते मला कळवा.