सातबाऱ्यावर नसलेले नाव

प्रिय ईरा,

मामाने पाठवलेला देवगडच्या बागेचा सातबारा परवा तू मोबाईलवर मोठा करून वाचलास आणि विचारलेस, "आई, अडतीस गुंठ्यांवर एकोणीस नावे आहेत, मग तुझेच का नाही?" मी "झोप आता" म्हणाले, कारण उत्तर देताना आवाज नीट राहिला नसता.

आजोबा 2009 साली गेले, तेव्हा वारस म्हणून माझेही नाव लागले होते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती 2005 मध्येच झाली होती आणि ती मला ठाऊकही होती. तरी पुढच्या मे महिन्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली, फेरफार झाला आणि नाव निघाले. कोणी जबरदस्ती केली नाही. "माहेर तुटू नये हो," एवढेच आजी एकदा म्हणाली, तेही तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता.

बागेची राखण, फवारणी, माकडांचा त्रास हे सारे मामाच सोसतो, म्हणून मी केले ते योग्यच होते, असे मी इतकी वर्षे मानत आले. पण मुंबईला राहणाऱ्या आणि बागेत कधी पाऊल न टाकणाऱ्या चुलत्यांची नावे कोणी काढायला सांगितली नाहीत, हे तुझ्या प्रश्नाने नव्याने दिसले.

लहानपणी माळ्यावर पेंढ्यात आंब्यांची अढी घातलेली असे आणि डागी फळे वेचून काढण्याचे काम आम्हा मुलींचे असे. खाली पणजी विळीवर नारळ खवत बसलेली असे. विळीला ती आडाळो म्हणायची. फणसाच्या लाकडाच्या त्या पाटावर पाय ठेवायच्या जागी खोलगट झिजलेले आहे, तू बोट फिरवून पाहिले आहेस. ती पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून माझ्याकडे आली, ना कागद ना सही. मुलग्यांना बाग आणि मुलींना विळी, ही वाटणी आहे असे तेव्हा मला वाटलेच नव्हते.

विळी तुला हवीच असे नाही. नको असेल तर तसे सांग. आणि मे महिन्यात गावी गेलो की मामाला हाच प्रश्न तू विचार. मी शेजारी बसेन, पण मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई