नांग्या भरणे: आजीचं मराठी बरोबरच आहे

मराठवाड्यातल्या वसमतकडच्या एका शिक्षिकेनं दोन प्रश्न एकत्रच विचारलेत. त्यांच्या सातवीच्या वर्गात एक हुशार मुलगी आहे. निबंध सांगितला की पहिली ओळ लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. तास संपतो तेव्हा पानावर खाडाखोडीशिवाय काही नसतं. तिची आजी शाळेत आली तेव्हा मॅडमनी हे कानावर घातलं, तर आजी नातीला म्हणाली, "लिही तं खरं. नांग्या मंग भरता येतेत." मॅडमना विचारायचंय ते असं: हे 'नांग्या भरणे', म्हणजे पिकाच्या ओळीत न उगवलेल्या रिकाम्या जागा भरणे, लिखाणात चालेल, की ते नुसतं गावाकडचं बोलणं? आणि अशा मुलीला 'परफेक्शनिस्ट' म्हणायचं नसेल तर मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चालेल, बिनदिक्कत चालेल. कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात, शेतीच्या पुस्तिकांत, रेडिओवरच्या शेतकरी कार्यक्रमांत हा शब्द रोजचा आहे. 'तर'चं 'तं', 'मग'चं 'मंग' आणि 'येतात'चं 'येतेत' एवढंच काय ते बोलीतलं; 'नांग्या भरणे' मात्र अस्सल छापील मराठी आहे. आजीनं फक्त तो शेतातून उचलून वहीत आणला, आणि वाक्प्रचार तयार होतात ते असेच.

ज्यांनी कपाशीचं रान जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर. सरकी लावली, पाऊस बरा झाला, तरी सगळंच बी उगवत नाही. काही किडीला जातं, काही खोल पडतं, काही ढेकळाखाली दबतं. चार-सहा दिवसांनी बांधावरून पाहिलं की हिरव्या ओळीत मधे मधे रिकाम्या जागा दिसतात. त्या नांग्या. मग उगवणीनंतर 8 ते 10 दिवसांच्या आत, ओल असताना, एकजण ओटीत सरकी घेऊन ओळीनं चालतो, रिकामी जागा आली की काडीनं किंवा खुरप्याच्या टोकानं भोक पाडतो, दोन बिया टाकतो आणि पायानं माती सारतो. हुशार शेतकरी पेरणीच्याच दिवशी थोडी सरकी मातीनं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत लावून ठेवतो, म्हणजे नांगी भरताना बी टाकण्याऐवजी त्याच वयाचं रोपच लावता येतं. उशीर केला तर मागून लावलेलं रोप शेजारच्यांच्या सावलीत दबतं आणि भरून न भरल्यासारखंच होतं.

हे सगळं आजीच्या वाक्यात आलंय. पहिल्या फेरीत सगळं उगवणार नाही हे तिनं धरूनच ठेवलंय. पिशवीत आधीच रोपं वाढवणारा शेतकरीसुद्धा तेच धरून चालतो, आणि त्याला कोणी निष्काळजी म्हणत नाही. पण 'चालतंय, राहू दे' असंही ती म्हणत नाहीये. परत यायचं आहे, आणि वेळेत यायचं आहे. म्हणून 'चुकलं तरी चालेल' हा या वाक्प्रचाराचा अर्थ कोणी सांगितला तर तो मला मान्य नाही. निबंधाच्या भाषेत सांगायचं तर सुचेल तिथं लिहून पुढं जायचं, अडलेल्या शब्दाची जागा रिकामी सोडायची, आणि तास संपायच्या आत माघारी येऊन ती भरायची. शेतात नांग्यांनंतर विरळणी येते, एका जागी दोन रोपं असली तर एक उपटायची. मुलीचा सगळा घोळ इथंच आहे. ती पेरणीच्या दिवशीच विरळणी करते आहे.

व्युत्पत्तीचं विचाराल तर उर्दूत 'नाग़ा' म्हणजे खाडा, गैरहजेरी. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळं 'दोन दिवस नागा झाला' असं म्हणणारी जुनी माणसं आमच्याकडं अजून भेटतात. जिथं असायला पाहिजे तिथं नसणं, हा अर्थ दोन्हीकडं एकच, म्हणून मी तरी हे दोन शब्द एकाच घरातले मानतो. 'नांगर'शी मात्र याचा संबंध जोडू नका. तो संस्कृत 'लांगल'वरून आलाय.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला.

'परिपूर्णतावादी' हा शब्द कोशात शोभतो. कानाला तो साम्यवादी-समाजवादीच्या पंगतीतला वाटतो, जणू त्या मुलीनं कुठल्या पक्षाचं सदस्यत्व घेतलंय. बाकीचे शब्द पाहा: काटेकोर, चोखंदळ, टापटिपीचा, नेटका, चिकित्सक. सगळे कौतुकाचे. लग्नाच्या बोलणीत 'मुलगी फार टापटिपीची आहे' असं सांगतात, तक्रार म्हणून कोणी सांगत नाही. 'चेंगट' आहे, पण त्यात नुसती दिरंगाई आहे, नीटपणाचा ध्यास नाही. थोडक्यात, नीटपणापायी अडून बसणाऱ्या माणसाला मराठीत चांगलं नाम नाही.

पण क्रियापद आहे, आणि ते मॅडमनी स्वतःच्या प्रश्नात नकळत वापरलंय. त्यांनी लिहिलंय, 'ती पहिलीच ओळ खोडत बसते.' 'ती ओळ खोडते' ही माहिती झाली. 'खोडत बसते' म्हटलं की त्यात बोलणाऱ्याची नाराजी आली. कीस काढत बसणे, घोळत बसणे, मुहूर्त पाहत बसणे: या '-त बसणे'त वेळ वाया चालल्याचा ठपका असतो. (दुपारी झाडाखाली पेपर वाचत बसलो होतो, यात ठपका नाही हे खरं, तिथं माणूस खरोखरच बसलेला असतो. खोडत 'बसणारा' उभा राहूनही खोडू शकतो.) त्यामुळं नाम शोधू नका, मॅडम. त्या मुलीला शिक्का मारणारं नाम नाही हे बरंच आहे. 'ती अमुक आहे' म्हणण्यापेक्षा 'ती खोडत बसते' म्हणणं सुधारायला सोपं, कारण क्रियापद बदलता येतं.

आणि बदलायला मराठीनं भरपूर दिलंय. 'लिही' हा नुसता हुकूम. 'लिहून काढ' म्हटलं की शेवटपर्यंत, सगळं. अडलेल्या पोराला तो डोंगर वाटतो. 'लिहून टाक'मध्ये घाई आणि थोडी बेफिकिरी, कामाच्या कटकटीतून सुटल्याची. ते अर्जाला बरं, निबंधाला नाही. 'लिहायला घे'मध्ये मागणी सगळ्यात लहान: वही उघड, पेन धर, बस्स. 'लिहून बघ'मध्ये पास-नापास नाहीच, कारण बघणं म्हणजे अंदाज घेणं. 'लिहीत जा' म्हणजे आज थोडं, उद्या थोडं, मोजू नको. आपल्याकडं शाळेत सर्रास ऐकू येतं ते 'नीट लिही'. जिचा गळाच नीटपणानं आवळलाय तिला 'नीट लिही' सांगून काय होणार? त्या मुलीला पुढच्या निबंधाला 'चार ओळी लिहून बघ, खोडरबर माझ्याकडं दे' असं सांगून पाहा.

मात्र खोडण्यामागं काय आहे ते आधी ओळखायला हवं. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून तशी अपेक्षा, दुसऱ्यांकडून तशी अपेक्षा, आणि लोक आपल्याकडून तशी अपेक्षा करतात ही समजूत. मराठीत हे तिन्ही रोजच्या बोलण्यात वेगळे ऐकू येतात. 'मनासारखं होईना' हा पहिला. 'एकाला काम धड करता येत नाही' हा दुसरा. तिसरा म्हणजे 'लोक काय म्हणतील'. पोरगी खोडताना वहीवर हात आडवा धरत असेल, तर तिसरा समजा. तिथं वर्गात वाचून दाखवायची सक्ती काही दिवस उठवा, व्याकरणाचा तास नंतर.

एक शंका येणार हे मला दिसतंय. मराठवाड्यातलाच शेतकरी म्हणेल, 'सुरू तं कर' ऐकून घाईनं पेरलं आणि पाऊस गायब झाला, तर दुबार पेरणीचं बियाणं कोण देतंय? रास्त आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला दर जूनला दिला जातो, आणि वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येईपर्यंत थांबणाऱ्याला 'मुहूर्त पाहत बसला' असं कोणी म्हणत नाही. तो नुसता थांबलेला असतो. आपल्या भाषेनं हा फरक नेमका राखलाय. पैसे, बियाणं, औषध, विजेची जोडणी अशा एकदा चुकलं की महागात पडणाऱ्या कामांत थांबावं. सातवीच्या निबंधाचा कागद त्यात बसत नाही.

कागदावरून 'मसुदा' आठवला. हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ 'काळा केलेला'. खाडाखोडीनं काळवंडलेला कागद तो मसुदा. त्याची स्वच्छ केलेली प्रत ती उर्दूत 'मुबय्यज़ा', म्हणजे पांढरी केलेली. त्या मुलीच्या वहीत काळा कागद तयारच आहे, फक्त तिला तो नापास झालेला पांढरा कागद वाटतोय. वहीच्या शेवटच्या पानांवर 'मसुदा' असा मथळा लिहून द्या आणि तिथं खोडलेल्याचे गुण कापू नका.

'नांग्या भरणे' लेखात वापरताना एक काळजी घ्या. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'नांगी' म्हटलं की विंचू आठवतो, आणि 'नांगी टाकणे' म्हणजे हार मानणे हेही त्याच्या कानात असतं. म्हणून पहिल्यांदा वापराल तेव्हा आगेमागे 'पेरणी' किंवा 'उगवण' असा एखादा शब्द येऊ द्या. काही भागांत 'नांगे भरणे' म्हणतात, तेही बरोबर, आणि त्यात विंचवाचा घोटाळाही होत नाही. अवतरणचिन्हांत टाकून मात्र लिहू नका, पाहुण्यासारखा वाटतो शब्द. आणि परीक्षेत कोणी या शब्दाखाली लाल रेघ मारली, तर गुण मागून घ्या.