कॅमेरा वाटेवर, पॅनेल उन्हात

प्रश्न : आमची काजूची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला घरचंच रान आणि त्यातून बारमाही वहाळ. जनावरं बघायला मिळावीत म्हणून सोलरवर चालणारा ट्रॅप कॅमेरा (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा) घेतला, पॅनेल त्याच्या डोक्यावरच बसवलेलं आहे. वहाळाकाठी लावला, पण आठवड्याभरात बॅटरी उतरते. कार्डात शेकडो फोटो, त्यातले बहुतेक नुसत्या पानांचे. विकणारा तर म्हणाला होता, वर्षभर बघायला नको. बिघडला असेल का?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : कॅमेरा बिघडलेला नसावा. जनावराच्या दृष्टीने जागा अगदी योग्य आहे, उन्हाच्या दृष्टीने मात्र वाईट. वहाळाकाठी जांभूळ, करंज, आंबा आणि त्यांच्यावर चढलेल्या वेली असतात. अशा दाट सदाहरित झाडीत जमिनीपर्यंत शंभरातले जेमतेम एक-दोन भाग ऊन उतरतं. तेवढ्यावर चार्जिंगचा दिवा कदाचित लागेल, पण बॅटरीत भर पडत नाही. कवडशांवरही भिस्त ठेवू नका. पॅनेलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी अख्ख्या पॅनेलचा प्रवाह घसरतो.

डोक्यावर पॅनेल असलेला कॅमेरा मी कोकणातल्या कुणालाच सुचवत नाही. बिबट्या, भेकर, साळिंदर यांच्यासाठी कॅमेरा माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर लागतो, आणि आपल्या रानात तेवढ्या उंचीवर ऊन येतच नाही. तुमच्या कॅमेऱ्याला खालून रबरी टोपणाआड बाहेरची वीज जोडायची सोय आहे का ते बघा. असेल तर तेवढ्याच व्होल्टचं वेगळं पॅनेल लांब वायरीसकट घ्या. कॅमेरा वाटेवर राहू द्या, पॅनेल मात्र झाडी उघडी पडते तिथे न्या: सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या कडेला, नाहीतर बागेच्या बांधावर. तोंड दक्षिणेला करा. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर असतो. म्हणून पॅनेल आडवं न ठेवता तीसेक अंश उचलून बसवा. त्या उतारावरून पानं आणि पक्ष्यांची घाणही घसरून जाते. वायर मात्र उघडी सोडू नका, माकडं ओढतात. विजेच्या कामाचा साधा पाइप घालून ती खोडाला बांधून घ्या.

आता बॅटरीच्या खर्चाचं बघू, कारण पॅनेल कितीही चांगलं बसवलं तरी रात्रंदिवस पानांचे फोटो निघत राहिले तर ते पुरं पडणार नाही. या कॅमेऱ्यातला सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार असं काहीतरी सरकलं की तो कॅमेऱ्याला जागं करतो. उन्हाने तापलेलं पान वाऱ्यावर हललं तरी त्याला तेवढंच पुरतं. म्हणून कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन भिंगात शिरणार नाही. समोरचं दोन-तीन मीटरचं गवत आणि लोंबणाऱ्या डहाळ्या कोयत्याने काढा. तेवढंच, त्याहून जास्त साफसफाई केली तर जनावर ती वाट टाळेल. वाटेच्या थेट समोर कॅमेरा रोखू नका. आडवं जाणारं जनावर सेन्सरला पटकन कळतं, सरळ चालून येणारं उशिरा. मे महिन्यात दुपारी हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा समोरून गवा गेला तरी सेन्सर चुकू शकतो. त्याला इलाज नाही.

बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो व्हिडिओ, त्यातही रात्रीचा, कारण तेवढा वेळ इन्फ्रारेडचे दिवे चालू राहतात. सुरुवातीला फक्त फोटो ठेवा, एका वेळी तीन, आणि मध्ये मिनिटभराची विश्रांती. सिमकार्डाचा कॅमेरा असेल तर फोटो दिवसातून एकदाच एकगठ्ठा पाठवायला लावा. रेंज कमी असली की एकेक फोटो धाडताना बॅटरी भराभर उतरते.

देखभालीतून सुटका नाही, हे विकणारे सांगत नाहीत. माझ्याकडे सर्वात जास्त फोटो वाया घालवले ते कोळ्यांनी. कोळी भिंगासमोर एकच धागा ताणतो. दिवसा तो दिसतही नाही. रात्री दिवे लागले की तोच धागा दोरखंडासारखा पांढराफटक उजळतो आणि मागचं साळिंदर नुसता राखाडी डाग होऊन बसतं. रबरी टोपण नीट बसलं नसेल तर आत मुंग्या अंड्यांसकट मुक्कामाला येतात. पंधरवड्याने एकदा मऊ कापड आणि लहान ब्रश घेऊन जाच, पॅनेलही तेव्हाच पुसून घ्या.

फेब्रुवारी ते मे वणव्यांचे दिवस. ज्या झाडाला कॅमेरा आहे त्याच्या बुंध्याभोवतालचं वाळकं गवत काढून जाळरेषा करा. मृगाआधी सगळं उतरवून घरी आणा. बॅटरी अर्धी भरलेली ठेवून डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला. चार महिने रिकामी पडलेली लिथियम बॅटरी बहुतेक वेळा पुन्हा उभी राहत नाही.

प्रश्न : रात्रीच्या दिव्याने जनावरं बिचकतात का?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : काही बिचकतात. ८५० नॅनोमीटर लहरलांबीच्या इन्फ्रारेड दिव्यांची अंधारात मंद लाल ठिणगी दिसते, ९४० च्या दिव्यांची जवळपास दिसत नाही, मात्र त्यांचा उजेड कमी अंतर जातो. अरुंद पायवाटेवर ९४० घ्या. आणि कॅमेरा हाताळताना हाताला अत्तर, तंबाखू, साबणाचा वास नको.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे विद्यार्थी. जवळच्या वनखात्याच्या जंगलात दोन सोलर कॅमेरे लावून वाघाचे फोटो घ्यायचे आहेत. चालेल?
– चंद्रपूर

उत्तर : परवानगीशिवाय नाही. अभयारण्यात फोटो काढायलाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवाना लागतो. वनखात्याचे स्वतःचे कॅमेरे तिथे आधीपासून असतात. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ जागी कॅमेरे लावून ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो मिळवले होते. त्या कामात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. त्यातल्या फोटोंची छाननी हे प्रचंड काम असतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून त्यात मदत करू का असं विचारा. दोन कॅमेऱ्यांतून मिळेल त्याच्या कितीतरी पट शिकाल.

प्रश्न : आमच्या जागेतल्या वारुळापाशी कॅमेऱ्यात खवले मांजर आलं! गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर लोकांना कौतुक वाटेल ना?
– लांजा

उत्तर : कौतुक मलाही वाटलं, पत्र दोनदा वाचलं. पण कृपा करून टाकू नका. खवल्यांसाठी याची चोरटी शिकार होते. हा प्राणी घाबरला की पळत नाही, अंगाचं वेटोळं करून जागीच बसतो, त्यामुळे पकडणाऱ्याला पोतं पुरतं. मादी सहसा एका वेळी एकच पिल्लू देते, म्हणजे एक गेलं तरी भरून यायला फार काळ लागतो. २०१६ मध्ये जगातल्या सगळ्या खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. आपल्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. तरीही फोटोतलं वारूळ आणि मागची आंब्याची वाडी ओळखायला गावातल्या माणसाला क्षणही लागत नाही. मूळ फोटो स्वतःपाशी ठेवा. कुणाला दाखवायचाच असेल तर मागचा भाग कापून, तारीख आणि जागेची माहिती पुसून दाखवा.

याच निमित्ताने एक, जे कुणी विचारलेलं नाही. लाकूडफाट्याला, गवताला, आडोशाला जाणाऱ्या बायका त्याच वाटांनी जातात. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या बायकांना अशा कॅमेऱ्यांचा किती जाच होतो, ते केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलं. कॅमेरा लावण्याआधी वाडीत जाऊन बायकांशीच बोला, कुठली वाट नको ते त्यांनाच ठरवू द्या. माणसाचा फोटो आला तर त्याच दिवशी पुसा, कुणालाही न दाखवता. अपवाद फासे लावणाऱ्याचा किंवा बंदूकवाल्याचा. त्याच्या मागे स्वतः जाऊ नका, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि कार्ड तसंच त्यांच्या हाती द्या.