नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर, पहिली मुलगी ठणठणीत. मग दुसऱ्याला मेजर होणारच का?

नाही, ‘होणारच’ असं काही नाही. (थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष. मायनरमध्ये एकच जनुक सदोष, माणूस फक्त वाहक; मेजरमध्ये दोन्ही सदोष, तो गंभीर आजार.) शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने तेवढीच: २५ टक्के मेजर, ५० टक्के तुमच्यासारखं मायनर, २५ टक्के पूर्ण निरोगी. नाणं मागच्या वेळी काय पडलं हे लक्षात ठेवत नाही. मुलगी ठणठणीत म्हणता, पण मायनरही ठणठणीतच दिसतो. तिचीही तपासणी कधीतरी करून घ्या.

मी नाशिकरोडला लॅबमध्ये काम करतो. हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६५ म्हणजे कमीच, आणि हातात महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्यांची पाकिटं, असे लोक नेहमी येतात. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत एचबीए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की उलगडा होतो, हा थॅलेसेमिया मायनर. सुरगाणा, पेठकडच्या मंडळींत सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) जास्त सापडतो, वारशाचं गणित तेच. (एकाला सिकलसेल, दुसऱ्याला थॅलेसेमिया असला तरी बाळाला धोका असतो, हे बरेचजण विसरतात.)

आता कामाचं. दिवस राहण्याआधीच दोघांच्या रक्ताची डीएनए तपासणी करून नेमका जनुकदोष शोधून ठेवा, नाहीतर ऐनवेळी धावपळ होते. मग ११ ते १३ आठवड्यांत वारेचा छोटा तुकडा किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून तपासतात. गर्भपाताची थोडी जोखीम असते, साधारण शंभरात एकापेक्षा कमी. तपासणी कायदेशीर आहे. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगायला.

आणि सासूबाईंना सांगा, दोष एकट्या सुनेचा नसतो. मेजर व्हायला दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं.