वही उघडी ठेव

प्रिय,

साइटवर काँक्रीट घेऊन आलेल्या ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाणी घालू देण्यास तू नकार दिलास, त्यावर तुझे वरिष्ठ सर्वांदेखत "एवढी घमेंड बरी नव्हे" असे म्हणाले, आणि तेव्हापासून आपण ठाम आहोत की उद्धट, हे तुला कळेनासे झाले आहे. वरून पाणी घातले की काँक्रीटची ताकद घटते. तुझे म्हणणे बरोबरच होते. पण बरोबर असण्याचा या प्रश्नाशी फार थोडा संबंध आहे, हे उमगण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

माझी कसोटी एकच: "हे कशावरून?" असे विचारल्यावर माणूस वही पुढे करतो की आवाज चढवतो?

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका छज्ज्याची सळई मी स्वतः तपासून मंजूर केली होती. छज्जा एकाच बाजूने धरलेला असल्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच लागते. काँक्रीट ओतताना मजूर त्या जाळीवरूनच ये-जा करीत होते. सळई बांधणारा, माझ्या वडिलांच्या वयाचा फिटर दोनदा येऊन म्हणाला, "साहेब, जाळी दबतेय, चेअर कमी पडल्यात." (चेअर म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार.) मी म्हणालो, "ड्रॉइंग मला वाचता येतं." टेकू काढल्यावर भिंतीलगत वरच्या बाजूने सरळ तडा गेला. छज्जा तोडला तेव्हा सळई जवळजवळ तळाशी बसलेली दिसली. फिटर शेजारीच उभा होता. तो काहीही बोलला नाही, आणि तेच अजून सलते. ड्रॉइंग मला खरोखरच वाचता येत होते, अडचण तीच होती.

याउलट, न्यूयॉर्कची 59 मजली सिटीकॉर्प इमारत वापरात आल्यानंतर, 1978 मध्ये, तिचे अभियंता विल्यम लेमेझर यांनी तिरप्या वाऱ्याची आकडेमोड पुन्हा केली, वेल्डिंगऐवजी बोल्ट लावलेले सांधे कमी पडतात हे मालकांना स्वतःहून सांगितले आणि रात्री काम करवून ते सांधे मजबूत करून घेतले. (लोकांपासून मात्र हे 1995 पर्यंत दडून राहिले, म्हणजे वही अर्धीच उघडली, असे माझे मत आहे.)

आता तुझ्याबद्दल. वरिष्ठ काय काय बोलले याची दोन पाने तू लिहिली आहेस, पण त्या गाडीचा स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे याचे माप, किती आला हा आकडा पत्रात कुठेच नाही. घेतला होतास ना? "नियमात बसत नाही" एवढेच सांगून गाडी अडवली असशील, तर माझ्या "ड्रॉइंग मला वाचता येतं"पेक्षा ते फार वेगळे नाही.

घमेंडखोर मलाही म्हटले गेले आहे. सहा मीटर गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू नवव्या दिवशी काढू देण्यास मी नकार दिला, आणि महिन्याभरात माझी बदली झाली. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साडेचार मीटरच्या वरच्या गाळ्याला 14 दिवस दिले आहेत. ते पान मी टेबलावर उघडून ठेवले होते. गोडीने बोलायला हवे होते, असे घरचे अजून म्हणतात. असेलही, पण पान उघडल्यावर आणखी काय करायला हवे होते, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

पुढची गाडी आली की वरिष्ठांसमोर स्लम्प घे आणि आकडा त्यांनाच रजिस्टरमध्ये लिहायला सांग. काँक्रीट घट्ट असेल तर प्लँटला फोन करून ॲडमिक्श्चरचे, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाचे, विचार. आणि फिटर काही सांगू लागला, तर हातातले ड्रॉइंग त्याच्यापुढे धरून त्याच्याबरोबर चेअर मोज.